जव प्रक्रिया उद्योग : एकदिवसीय अभ्यास दौरा

बायकोपासून एखादी गोष्ट लपवायची असन तं तिले सरकारी नाव कधी देऊ नये. साधं खोटं बोलावं. साधं खोटं चार दिवसांत आपल्या मौतीनं मरते. सरकारी नावाच्या खोट्याले मात्र पाय फुटतात, त्याचा फलक छापा लागते, अन् शेवटी त्याचा अहवाल बी लिहा लागते. मले हे कोणी आधी सांगितलं असतं तं मी गुपचूप ‘मावशी आजारी हाय’ म्हणून निंघून गेलो असतो. माह्या मावश्या तशाही चार आहेत.

बेत एकदम साधा होता. नागपूरले एका ठिकाणी जागेवरच बीअर बनवते. बाटलीतली नाई. स्टीलच्या माणसाएवढ्या टाक्या, टाकीले तोटी, तोटीखाली गिलास. क्राफ्ट बीअर म्हणते तिले. तिथला एक व्हिडिओ मी मोबाइलवर कमीत कमी चाळीस डाव पाह्यला असन. एकीले मोसंबीचा वास, एकीले कॉफीचा, एक तं निव्वळ गव्हाची. मी म्हटलं, गोपाल, बावन्न वर्षाचा झालास. आजपर्यंत लोकायच्या लग्नात मांडवामागं उभं राहून कोमट बीअर पेलास, अन् तेही एक डोळा सासऱ्यावर ठेवून. एक डाव तरी थंडी, ताजी, काचेच्या गिलासात प्यायची. एकच गिलास. त्याच्यावर माहं काही मागणं नाई.

जोडीदार ठरला साजिद. दिग्रसले माह्या बियाण्याच्या दुकानासमोर त्याचं गॅरेज आहे. तो पेत नाई, म्हणून तं तो कामाचा.

"भाऊ, पीना आपका, चलाना मेरा," तो म्हणे. "पण खायचं कुठं, ते मी सांगीन. खाली पेट मी स्टेअरिंगले हात नाई लावत."

मंग आमी वही घेतली अन् रस्ता आखला. दारव्ह्याले आलुबोंडा, यवतमाळले तर्रीपोहे, कळंबले चिंतामणीचं दर्शन. दर्शन जातानाच उरकायचं, येताना कोणत्या तोंडानं जाणार? मंग वर्ध्याले गोरसपाक, म्हणजे तिथलं तुपाचं बिस्कीट, अन् मंग नागपूर. आता यात अडचण एकच. आमचं यवतमाळ अन् नागपूर, याच्या बरोब्बर मधात देवानं वर्धा जिल्हा टाकला, अन् सरकारनं त्यात दारूबंदी टाकली. बरं, अमरावतीकडून वळसा घ्यावा तं तिकडे बी तळेगाव-कारंजाले वर्धा आडवा पडूनच आहे. म्हणजे तहानेनं वर्ध्यातून जायचं अन् तृप्त होऊन वर्ध्यातूनच यायचं. साजिद म्हणे, "येताना तुमी मागच्या सीटवर झोपा, मी म्हणीन बीमार हाय."

बीअर जवाची बनते, म्हणून वहीत बीअरच्या जागी मी ‘जव’च लिहिलं होतं. इथवर सारं चांगलं होतं. वही दुकानाच्या काउंटरवर उघडी राह्यली, अन् वामनराव आले.

वामनराव आमचे शेजारी. चौतीस वर्षं कृषी सहायक होते. रिटायर झाल्यापासून त्यायच्या हाताखाली फक्त एक तुळस अन् दोन कुंड्या उरल्या, त्यायले बी ते रोज सूचना देते. त्यायनं चष्मा वर केला.

"गोपाल, हे काय? दारव्हा, यवतमाळ, कळंब, वर्धा, नागपूर. अन् खाली ‘जव, चार प्रकार’?"

आता पाहा, गावात मी नंबरी माणूस. मागं एकदा याच वामनरावायले मी आवाज बदलून फोन केला होता, का तुमच्या तुळशीचा पंचनामा करायले साहेब येऊन राह्यले. तं हे सकाळपासून सातबारा घेऊन फाटकात उभे. माह्यावर कोणी विश्वास ठेवत नाई. मले ताप आला तं बायको थर्मामीटर दोनदा लावते. मी आयुष्यात शेकड्यानं थापा मारल्या, साऱ्या पकडल्या गेल्या. अन् हीच एक साऱ्यायनं डोळे मिटून खरी मानली.

"अभ्यास दौरा आहे काका," मी म्हटलं. "जव प्रक्रिया उद्योग."

त्यायचे डोळे चमकले. आठ वर्षांत त्यायच्या कानावर ‘अभ्यास दौरा’ हा शब्द पडला नव्हता. खुर्ची ओढून बसलेच.

"उद्देश काय?"

"हेच... जव पाहायचा."

"लाभार्थी कोण?"

"मी अन् साजिद."

"साजिद गॅरेजवाला? त्याचा जवाशी काय संबंध? नाई नाई. लाभार्थ्याशिवाय दौरा होत नसते. अन् त्यात महिला पाहिजे. महिला नसन तं वर कोणी कागदाले हात लावत नाई."

"काका, वर कोणाले कागद पाठवायचाच नाई."

"म्हणूनच तुमच्या पिढीची प्रगती नाई," असं म्हणून ते उठले, अन् थेट माह्या घरी गेले.

माह्या घरी रंजना. माही बायको, अन् रेणुकामाता महिला बचत गटाची अध्यक्ष. संध्याकाळी मी घरी गेलो तं अंगणात चपलांचा ढीग. आत तेरा बाया, मधात वामनराव, अन् ठराव मंजूर झालेला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. साजिदची गाडी रद्द, सतरा सीटरची ट्रॅव्हलर पक्की. चालक साजिदच. दौरा प्रमुख म्हणून माहं नाव, अन् तेही पूर्ण, बापाच्या नावासकट.

"तुमी बोलले बी नाई मले," रंजना म्हणे. "गटासाठी येवढं करून राह्यले अन् लपवून ठेवलं?"

मी मान खाली घातली. लोकायले वाटलं विनय आहे.

तेवढ्यात कोपऱ्यातून इंदूबाई बोलली. इंदूबाईचं वय सत्तर, म्हशी चार, अन् आवाज चारी म्हशी मिळून जेवढा होईन तेवढा.

"गोपालभाऊ, जवाचं म्हणता, मंग पिण्याबिण्याचं तं नाई ना तिथं काही?"

इथं गप्प राह्यचं होतं. पण माणसाचं खोटं उघडं पडायची वेळ आली का त्याले भाषण सुचते. मी उभा राह्यलो. छातीवर हात ठेवला. म्हटलं, "माय, या गोपालनं त्या गोष्टीले शिवणं कधीचंच सोडलं. माह्यासमोर कोणी सोन्याच्या पेल्यात आणून ठेवलं तरी मी तिकडे पाहणार नाई." आणखी बी बरंच बोललो. पोरायचं भविष्य, संसार, लिव्हर. शेवटी दोन बायायनं डोळे पुसले. रंजना तेवढी माह्याकडे टक लावून पाहून राह्यली होती, पण तिचं पाहणं मले तीस वर्षांत समजलं नाई, तं त्या दिवशी कुठून समजणार?

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सल्ल्यायचा पूर आला. कळंबच्या चहापेक्षा पुढचा ढाब्यावरचा चांगला. ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर लिंबू ठेवा, उलटी होत नाई. वामनराव म्हणे, प्रत्येक थांब्यावर जिओ-टॅग फोटो पाहिजे, त्याशिवाय आपण गेलतो हे कोणी मानत नाई. मी म्हटलं, न मानलं तं चांगलंच आहे. ते म्हणे, "तुमचा स्वभाव लय प्रसिद्धीपराङ्मुख." चार फुटाचा फलक छापून आला, त्यावर जवाची लोंबी, अन् कोपऱ्यात माहा आधार कार्डवरचा फोटो.

शेवटचा उपाय म्हणून मी गोदामात गेलो, साजिदच्या पोराचा फोन घेतला, तोंडावर रुमाल धरला अन् रंजनाले फोन लावला. "मॅडम, जव कारखान्यातून बोलतोय. आमची मशीन बिघडली. दौरा पुढे ढकला."

"बरं झालं फोन केला," रंजना म्हणे. "मी आताच तुमच्या प्रियंका मॅडमशी बोलली. नंबर वहीतच होता. त्या म्हणे मशीन सुरू हाय, या सगळ्या. अन् तो रुमाल धुवायले टाका, परवापासून खिशात हाय."

मंग काय. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सहाले आमी निंघालो.

माह्या वहीतले थांबे अन् बायायचे थांबे यात जमीन-अस्मानाचा फरक. दारव्ह्याले आलुबोंड्याच्या दुकानासमोर गाडी थांबली, तं बायायनं डबे काढले. पिठलं, भाकरी, ठेचा, तिळाची चटणी, मिरच्यायचा खार. हाटेलवाला म्हणे, बाहेरचं खाणं चालत नाई. इंदूबाई म्हणे, "तूच खाऊन पाह्य मंग." त्यानं खाल्लं. मंग त्यानं बाकडं पुसून देलं, अन् वरून ठेच्याची रीत बी विचारली. तिथं पाऊण तास. यवतमाळले पोहेवाल्याच्या कढईतलं तेल कालचं का आजचं हे पाहायले इंदूबाई आत घुसली, अन् बाहेर आली ते त्याच्या बायकोले म्हशीच्या सुजलेल्या कासेवर औषध सांगूनच. साजिद मात्र प्रत्येक ठिकाणी दोन्हीकडचं खाऊन राह्यला होता, हाटेलचं बी अन् डब्यातलं बी. "भाऊ, दौरा एकदम कामयाब चालू है," असं तो मले सारखा म्हणे. कळंबले दर्शन झालं. देवासमोर मी काही मागितलं नाई, नुसता उभा राह्यलो, त्याले माहीतच होतं. वर्ध्याले गोरसपाकचे डबे घेतले. अन् जिथं जिथं गाडी थांबली तिथं वामनरावायनं फलक उलगडला, मले मधात उभं केलं अन् फोटो काढला. अकराले पोहोचायचं होतं, ते आमी अडीचले पोहोचलो.

जागा चांगली होती. पुढं बसायचा हॉल, काचेमागं टाक्या. व्हिडिओत दिसे तशाच. मी काचेले नाक लावून उभा राह्यलो, ती बायायले दौरा प्रमुखाची तळमळ वाटली.

प्रियंका मॅडम म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षाची मुलगी, डोक्यावर जाळीची टोपी. लय मन लावून सांगून राह्यली होती. "हा जव. याला मोड आणतात, वाळवतात. आम्ही तो भरडतो, गरम पाण्यात ठेवतो. मग गाळतो, गाळलेलं पाणी उकळतो."

"आंबिलीसारखंच हाय का नाई?" एक बाई म्हणे.

"अगदी! मग त्यात यीस्ट घालतो, ते आंबतं. आणि झाली बीअर."

वारा फिरला का तुरीचं सारं वावर एकाच बाजूले झुकते, तशा तेरा माना माह्याकडे फिरल्या. मी टाकीवरचं गोल घड्याळासारखं काहीतरी वाचायले लागलो. त्यावर नुसते आकडे होते, पण मी ते लय बारकाईनं वाचले.

तेवढ्यात ट्रे आला. नमुन्याचे लहान गिलास, अन् मधात एक मोठा, दौरा प्रमुखासाठी खास. सोनेरी. वर दोन बोटं फेस. काचेवरून थेंब घरंगळून राह्यले होते. अन् मोसंबीचा वास, अगदी खरा, जसा सोललेल्या सालीचा.

रंजनानं तो गिलास उचलला, माह्यासमोर धरला, अन् साऱ्यायले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणे, "घ्या. तुमी प्रमुख. पहिला मान तुमचा."

हात निंघाला होता माहा. देवाशपथ, खांद्यापासून निंघाला होता. पण समोर तेरा बाया, त्यातल्या दोघीयनं माह्या भाषणावर डोळे पुसलेले. अन् रंजनाचं ते पाहणं. माह्या तोंडातून माहाच आवाज आला, "मी? रंजना, मी या गोष्टीले शिवत नाई. तुले माहीत हाय ना?"

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. प्रियंका मॅडमनं बी वाजवल्या, म्हणे, "सर, असं इथे कधीच कोणी म्हणालं नाही."

"वाया कायले घालवता मंग?" म्हणून इंदूबाईनं रंजनाच्या हातातून गिलास घेतला. "माहे गुडघे दुखते." अन् एका दमात अर्धा केला. "कडू हाय. पण ढेकर चांगला आला." राह्यलेला बी केला. तिकडे वामनराव ‘नमुना तपासणी’ करून राह्यले होते. नमुना एक, नमुना दोन, असं वहीत लिहून. चौथ्या नमुन्यापर्यंत त्यायच्या ओळी वर चढत चढत पानाच्या बाहेर गेल्या.

अन् मंग इंदूबाईनं तोंड पुसून तो प्रश्न विचारला, जो चाळीस डाव व्हिडिओ पाहून बी मले सुचला नव्हता.

"बाई, गाळल्यावर जे वर उरते, ते कुठं जाते?"

"चोथा? मागे ड्रममध्ये आहे. एकजण गुरांसाठी न्यायचा, आता येत नाही. आम्हाला टाकायचाही त्रासच होतो."

हॉल रिकामा झाला. मी ट्रेजवळ उभा, सारा बचत गट मागच्या अंगणात. मी म्हटलं, हीच वेळ. ट्रेमध्ये अजून एक नमुना शिल्लक होता. तिकडे हात नेला, अन् बाहेरून रंजनाची हाक, "अहो, पोतं धरा!" बाहेर पाहतो तं बाया कोपरापर्यंत ड्रममध्ये हात घालून. कोणी वास घेऊन राह्यलं, कोणी दाताखाली चावून राह्यलं. गोड आहे, गरम आहे, म्हैस सोडणार नाई. दर आठवड्याले किती निंघते, ओला किती दिवस टिकते, वाळवला तं चालते का. माहा दौरा खोटा होता, पण पाहता पाहता तो खरा होऊन राह्यला होता, अन् मले कोणी विचारून नाई राह्यलं. आठ पोती भरली. ती सारी माह्या अन् साजिदच्या खांद्यावरून गाडीत गेली. प्रत्येक खेपेले मी त्या टाकीच्या तोटीपासून नऊ पावलांवरून गेलो. मोजली मी.

येताना ऊन होतं. ओल्या चोथ्याले गाडीत उकाडा भेटला. बुटीबोरीच्या पुढं वास सुटला, अन् वर्धा जिल्ह्याच्या नाक्यापर्यंत आमची ट्रॅव्हलर म्हणजे चाकावरचा बीअरबार. शिपायानं हात केला, साजिदनं काच खाली केली, अन् शिपाई दोन पावलं मागं सरकला.

"उतरा सगळे."

माह्या डोळ्यासमोर उद्याचा पेपर आला. ‘दिग्रसचा व्यापारी, तेरा महिलांसह.’ बातमीसोबत फलकावरचा माहा फोटो, आधार कार्डचा. न पिता!

साजिदले मशीनमध्ये फुंकायले लावलं. शून्य. शिपायानं मशीन झटकली, परत फुंकायले लावलं. शून्य. "या भानगडीचा प्रमुख कोण?" साऱ्यायनं माह्याकडे बोट केलं. मी फुंकलं. मनात म्हटलं, निदान वासानं तरी काहीतरी दाखव. शून्य. दोनशे किलोमीटर जाऊन, भर नाक्यावर, सरकारी यंत्रानं जाहीर केलं, का या माणसाच्या हाती काहीही लागलं नाई.

"मग वास कुठून येतो?" शिपाई म्हणे.

रंजनानं पोत्याचं तोंड उघडलं. "जवाचा चोथा हाय दादा. म्हशीले. आमी अभ्यास दौऱ्यावरून येऊन राह्यलो." वामनरावायचा फलक तिनंच उलगडला. कारण वामनराव मागच्या सीटवर झोपले होते. नेमके तेव्हाच ते जागे झाले, उठून बसले अन् म्हणे, "सर्व नमुने समाधानकारक!" अन् परत आडवे.

"यांना काय झालं?"

"त्यायले गाडी लागते," इंदूबाई म्हणे. तोंडावर पदर घट्ट धरून.

शिपायानं पोत्यात हात घातला, चोथा बोटावर चोळून पाह्यला. त्याचा चेहरा बदलला. "दूध वाढते का यानं? माझ्या सासऱ्याच्या सहा म्हशी आहेत सेलूले." मंग पंधरा मिनिटं तो अन् इंदूबाई म्हशीवर बोलले, अन् तो आमचा गटाचा नंबर घेऊन गेला.

आता दर गुरुवारी ट्रॅव्हलर नागपूरले जाते अन् पोती घेऊन येते. इंदूबाई म्हणते तिच्या चारी म्हशी दुधाले चढल्या; म्हशी काय म्हणते ते मले माहीत नाई. वामनरावायनं अकरा पानाचा अहवाल लिहिला. त्यात एक परिच्छेद माह्यावर: ‘दौरा प्रमुखांनी प्रत्यक्ष प्रलोभन समोर असतानाही अतुलनीय संयम दाखविला.’ तो मोबाइलवर गावभर फिरला. माह्या बारशाच्या वेळेपासून जे गाव माह्यावर विश्वास ठेवत नव्हतं, त्यानं आता ठेवला. लग्नात मांडवामागं गेलो का पोरं गिलास लपवून म्हणते, "काका, सॉरी." मागच्या सोमवारी तं शाळेनं मले व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाले प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाल भेटली, नारळ भेटला. मी अर्धा तास बोललो. खरं सांगतो, चांगलं बोललो. माह्यावर माहा स्वतःचा बी परिणाम झाला.

स्कूटीवरून घरी येऊन राह्यलो होतो. रंजना मागं, तिच्या मांडीवर शाल अन् नारळ.

"या गुरुवारी चोथा आणायले तुमी जा साजिदभाऊसंग," ती म्हणे. "आमची मीटिंग हाय."

"मी? मी कायले? दुकान कोण पाह्यन?"

"रात्री नागपूरले माह्या भावाकडे मुक्काम करा. शुक्रवारी निंघा, आरामात. वर्ध्यातून येताना वास नको."

स्कूटी थोडी हलली. "कशाचा वास?"

"चोथ्याचा," ती म्हणे.

गंभीर तोंडानं घरी आलो, शाल खुंटीले टांगली, अन् मागच्या दारात जाऊन साजिदले फोन लावला. म्हटलं, "साजिद, गुरुवारी..."

"मालूम है भाऊ," तो म्हणे. "वहिनीनं त्या प्रियंका मॅडमले फोन करून टेबल सांगून ठेवला. दोन गिलास म्हणे. तिसरा मागितला तं मी वहिनीले फोन लावायचा, असं सांगितलं."